कड मोडून घे

पॉवर हॅमर चालवायला
मी शिलाई मशीनच्या पायाने शिकले.
घोडपदेवच्या खोलीत सात वर्षं परकर शिवलेला पाय,
त्याला ठाऊक होतं
किती दाबलं की एकच टाका पडतो.
नवरा मस्कतला गेला, हॅमरचा पट्टा उतरवून ठेवला होता.
सासरे म्हणाले, तोच पाय आण इकडे.

दारूखान्यातलं दुकान म्हणजे तीन बाजूंना पत्रा,
चौथ्या बाजूला रस्ता,
आणि रस्त्यावर कापलेल्या जहाजाचं कायकाय:
नळ, साखळ्या, संडासाची भांडी, एक गोल खिडकी.
त्यातूनच आला शाफ्टचा तुकडा,
मांडीएवढा जाड, किलोवर घेतलेला.
सखाहरी मिस्त्रींनी
(दुकानात मीही सासऱ्यांना मिस्त्रीच म्हणते)
तो हातोडीने वाजवला, कान लावला.
"हा अजून पाण्यातच आहे," म्हणाले.
म्हणजे काय ते तेव्हा कळलं नाही.
आताही नीटसं नाही.

ट्रॉम्ब्याच्या पोशा नाखव्याला हवे होते चाळीस नांगर,
लहान होड्यांचे, रुंद फाळाचे, चिखलात रुतणारे.
हाताने घडवायचे तर दिवसाला दोन फाळ.
म्हणून डाय करायची ठरली,
खालची पोटाला खोल, वरची पाठीला फुगीर,
ओंजळ मिटावी तशी,
मध्ये फाळापुरती जागा.

पहिली डाय मी कानसली.
कडा अशा लखलखीत की बोट फिरवून मीच खूश.
पहिल्याच लाल पट्टीला तिने चावा घेतला,
लोखंडात घडी पडली, घडीत काळी रेघ.
समुद्रात नांगर तुटतो तो त्याच रेघेवर.
मिस्त्री ओरडले नाहीत.
कानस परत माझ्या हातात दिली.
"कड मोडून घे.
धार मालाला द्यायची, डायला नाही."

दुसरी मऊ राहिली.
दोनशे घावांत बसली, उन्हातल्या गुळाच्या ढेपेसारखी.

तिसरी इद्रीसने तेलात सोडली.
इतका धूर, की समोरच्या चहावाल्याने शटर ओढलं.
मग तोंड घासून पांढरं केलं,
मागून शेक दिला.
रंग चढत आला, गव्हाचा,
मग कोऱ्या चहाचा,
मग वांग्याच्या सालीचा.
"बस."
इद्रीसने शेक काढला.

पाचर ठोकली.
सकाळी आधी दोन्ही डाय कोमट करायच्या,
गारठलेल्या पोलादावर घाव घालायचा नाही.
आणि मध्ये माल नसेल तर पाय उचलायचा,
रिकामा घाव डाय खातो.
हे त्यांनी कोळशाने पत्र्यावर लिहिलं होतं,
"घाव"चा "गाव" करून.

एकोणतीस नांगर झाले.
तिसाव्याची पट्टी भट्टीत होती
तेव्हा मस्कतचा फोन आला.
अजून दोन वर्षं, तो म्हणाला. करार वाढवलाय.
मी बरं म्हटलं.
पाय खालीच राहिला होता.

डायवर डाय.
तो आवाज मी सांगणार नाही.
डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला,
इद्रीसच्या डोक्यावरून गेला, पत्र्यातून बाहेर.
तिथे आता रुपयाएवढा उजेड आहे,
दुपारी तो ऐरणीवरून सरकत जातो.

मिस्त्री रस्त्यावर गेले, टवका शोधून आणला,
चष्मा कपाळावर सरकवून तुटलेलं अंग बघत बसले.
मी वाट बघत उभी.
"दाणा बघ किती बारीक आहे," म्हणाले.
"पाणी बरोबर बसलं होतं."
मग कानस शोधायला लागले.
मी म्हटलं, द्या, मी मोडते कड.

उरलेल्या अकरा नांगरांच्या
डाव्या फाळाला एक खळी आहे.
पोशा म्हणतो, तेच चिखल जास्त धरतात.
तो असं का म्हणतो मला माहीत आहे.
त्याने अजून अर्धे पैसे द्यायचेत.